तुम्ही विचारलंत म्हणून: ते गाणं मी लग्नात का वाजवत नाही

रिसेप्शनला वाजवणाऱ्या बँडमध्ये मी गिटार वाजवते. दर लग्नसराईत नवरामुलगा नाहीतर त्याचे मित्र ‘द पोलीस’ या ब्रिटिश रॉक बँडचं ‘एव्हरी ब्रेथ यू टेक’ मागतात. मी नाही म्हणते, आणि मग तोच प्रश्न: का हो, इतकं रोमँटिक गाणं! आजवर ‘प्रॅक्टिस नाही’ म्हणून वेळ मारून नेली. साफ खोटं. झोपेतून उठवलंत तरी वाजवीन.

ते गाणं प्रेमाचं नाही, पाळतीचं आहे: तुझ्या प्रत्येक श्वासावर माझी नजर असेल, असं बजावणारं. बँडचा गायक स्टिंग याने ते 1982 मध्ये जमैकातल्या ‘गोल्डनआय’ नावाच्या बंगल्यात लिहिलं, त्याचं पहिलं लग्न मोडलं त्या काळात. एका जोडप्याने ‘आमच्या लग्नात हेच वाजवलं’ असं कौतुकाने सांगितलं, तेव्हा आपण मनात ‘बरं, शुभेच्छा’ म्हणालो, हे त्यानेच सांगितलंय. यावर तुमचं उत्तर मला पाठ आहे. शब्द कोण ऐकतं? 1983 मध्ये अमेरिकेत 8 आठवडे पहिल्या क्रमांकावर होतं, ‘साँग ऑफ द इयर’चं ग्रॅमी मिळालं, ते सगळे बहिरे होते का? नव्हते. चालच तशी आहे. जुन्या अमेरिकन प्रेमगीतांतले तेच सोज्वळ कॉर्ड. कॉलेजात मीही ते वहीत उतरवून घेतलं होतं, आणि कुणीतरी आपल्याकडे इतकं बघावं असं वाटायचंही. त्या मुलीला मी मूर्ख म्हणणार नाही. म्हणजे, म्हणते कधी कधी.

नव्वदच्या दशकात पुण्यातल्या एका हॉटेलात आम्ही शनिवारी वाजवायचो. एक जण पुढच्या टेबलावर बसून वेटरच्या हाती फर्माइशीची चिठ्ठी पाठवायचा, दर वेळी याच गाण्याची. इस्त्रीचा शर्ट, आवाज नाही, दारू नाही. बँडमधली पोरं चिडवायची, ‘तुझा पोलीस आला.’ मीही हसायचे. मग एका शनिवारी चिठ्ठीत गाण्याच्या नावाखाली आणखी एक ओळ होती: मंगळवारी आकाशी ड्रेस छान दिसत होता. मंगळवारी मी आईबरोबर मंडईत भाजी घ्यायला गेले होते. मी ती ओळ वाचेपर्यंत गायकाने गाणं जाहीर केलं होतं. सुरुवात माझीच. वाजवलं. त्या गाण्यात गिटारला दम खायला फारशी जागाच नाही, आणि तो समोर बसून शब्द न् शब्द ओठांनी म्हणत होता.

मॅनेजरला चिठ्ठी दाखवली. ‘मॅडम, रेग्युलर कस्टमर आहे. काही केलं तर नाही ना?’ काही केलं नव्हतंच. त्या रात्री आमच्या रिक्षामागे एक स्कूटर गल्लीपर्यंत आली. बाबा खाली गेले. मी गॅलरीतून ऐकत होते. तो हात जोडून म्हणाला, ‘काका, मॅडम नीट पोचल्या का, एवढंच बघत होतो.’ आणि बाबांनी त्याचे आभार मानले. वर येऊन म्हणाले, चांगल्या घरचा दिसतो. बाबांवर माझा जीव होता, पण ते वाक्य अजून गिळता येत नाही.

पुढे काही महिन्यांनी तो यायचा बंद झाला. का, ते कळलं नाही. त्यामुळे ते संपलं असंही कधी वाटलं नाही.

‘मग गिटारच्या क्लासमध्ये हेच गाणं का शिकवता?’ हा तुमचा दुसरा प्रश्न. कारण त्यातली गिटार ‘द पोलीस’चा गिटारवाला अँडी समर्स याची आहे. कॅरिबियन समुद्रातल्या माँटसेराट बेटावर रेकॉर्डिंग चालू, स्टिंग आणि ड्रमर स्टुअर्ट कोपलंड यांचं भांडण विकोपाला गेलेलं, आणि समर्सला सांगितलं गेलं की यात तुझं काय ते घाल. त्याने हंगेरियन संगीतकार बार्टोकच्या वळणाने जे वाजवलं, त्यावर सगळं गाणं उभं आहे. डाव्या हाताची बोटं ताणायला यासारखा रियाज नाही. गीतकार-संगीतकार म्हणून नाव मात्र एकट्या स्टिंगचं. 1997 मध्ये अमेरिकन रॅपर पफ डॅडीने आपल्या गाण्यासाठी नेमकी तीच गिटार उचलली, तेव्हाही लेखनाची रॉयल्टी स्टिंगकडेच गेली. रिसेप्शनला गिटारवाल्याचं नाव कोण विचारतं, हे मला माहीत असल्यामुळे या प्रकरणात मी डोळे झाकून समर्सच्या बाजूची. शब्द त्याचे, सूर याचे. मी सूर शिकवते.

यावर माझी एक विद्यार्थिनी म्हणाली, मग लग्नात नुसती गिटार वाजवा की, गाऊ नका. बरोबर आहे तिचं. पण चार सूर वाजले की मांडवातले लोक स्वतःच गायला लागतात, त्यांना कसं थांबवू? आणि खरं सांगू का, पाळत शब्दांत आहे की त्या गिटारमध्येच, हेही मला ठरवता आलेलं नाही. तीही मागे लागल्यासारखी चालतच राहते. मग मी पोरींना नेमकं काय शिकवते?

जानेवारीतल्या एका नवऱ्यामुलाने पुन्हा हेच मागितलंय. गायकाला सांगितलं, तू गा, त्या गाण्यापुरता दुसरा गिटारवाला बोलव, त्याचे पैसे माझ्या वाट्यातून काप.