गाभाऱ्यात बिअरच्या टाक्या

पिट्सबर्गला गेलं की पेन हिल्सच्या बालाजीचं दर्शन ठरलेलंच. तेही झालं, तीन नद्यांचा संगमही बघून झाला. पण 2019 च्या त्या उन्हाळ्यातलं डोक्यात राहिलंय ते एक जेवण.

दादा म्हणाला, "आज चर्चमध्ये जेवायला जाऊ."

"म्हणजे महाप्रसाद का रे?" आईने विचारलं. तो नुसता हसला. तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

लॉरेन्सव्हिल भागात, लिबर्टी अ‍ॅव्हेन्यूवर सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्चची विटांची इमारत आहे. आईने सवयीने दारातच सँडल काढल्या आणि भिंतीशी नीट लावून ठेवल्या. आत उंचच उंच छत, रंगीत काचांतून येणारं संध्याकाळचं ऊन. आणि समोर, जिथे फादर उभे राहून मिस्सा म्हणत असतील त्या वेदीच्या जागी, बिअर तयार करायच्या चकचकीत टाक्या! स्टीलच्या, तांब्याच्या. मागे कमानीचा आकाशी रंग मात्र जुनाच.

आई मोज्यांवर तशीच उभी राहिली. "गाभाऱ्यात?" एवढंच म्हणाली.

बसायला चर्चचीच बाकं, कापून आखूड केलेली. उरलेल्या ओकच्या फळ्या बारला लागल्यात. पाठ ताठ ठेवून प्रार्थना करायला ती ठीक असतील, दोन तास जेवायला नाहीत. माझी कंबर धरली. पिरोगी मात्र झकास. करंजीची पोलिश बहीणच, आत बटाटा.

दादा एकीकडे माहिती सांगत होता. इथला धर्मग्राम, म्हणजे या चर्चला जोडलेला भाविकांचा समुदाय, 1878 चा, ही इमारत 1902 ची. पोलादाच्या गिरण्यांत राबणाऱ्या शहरात रविवारी चर्च भरायला माणसं कमी नव्हती. पुढे गिरण्याच बंद पडल्या. 1950 मध्ये पावणेसात लाखांचं शहर 1990 पर्यंत पावणेचार लाखांच्याही खाली आलं. (आम्ही परळला वाढलेलो. गिरण्या गेल्या की काय होतं ते आम्हाला सांगायला नको.) धर्मप्रांताने (बिशपच्या हाताखालच्या कारभाराने) मग धर्मग्राम एकमेकांत विलीन केले, 1993 ला याला कुलूप लागलं. 1996 पासून इथे 'चर्च ब्रू वर्क्स'.

दादाचं म्हणणं, पाडून टाकण्यापेक्षा हे बरं. मलाही पटलं, पण बिअर काही मागवली नाही. धार्मिक वगैरे मी नाही. तरी त्या टाक्यांकडे तोंड करून ग्लास उचलवेना. दादाने दोन घेतल्या.

"मग इथली माणसं आता कुठे जातात?" आईने विचारलं.

"दुसऱ्या चर्चमध्ये."

"लांब असेल," ती म्हणाली.

निघताना ती पर्स उघडून इकडेतिकडे बघत राहिली. दानपेटी शोधत होती. शेवटी डॉलरची नोट चौकोनी घडी करून रिकाम्या ताटलीखाली सरकवली आणि सँडल घालायला गेली. वाढणारी मुलगी आली, "थँक यू" म्हणाली आणि नोट खिशात टाकली.