पोचलीस का?

मे महिना लागला की फॅमिली ग्रुपवर तो मेसेज येतोच येतो. आम्ही मातीत खेळलो, नळाला तोंड लावून पाणी प्यायलो, उन्हातान्हात उंडारलो आणि शेवटी ते ठरलेलं वाक्य, आमच्या आईवडिलांचा आमच्यावर विश्वास होता. खाली मामा, आत्या, चुलतभाऊ सगळ्यांचे अंगठे आणि रडके इमोजी. मीपण टाकते अंगठा, खोटं कशाला बोलू. पण ते विश्वासाचं काही मला पटत नाही बुवा. विश्वास कसला, विचारायची सोय नव्हती!

म्हणजे बघा, 1983-84चा सुमार, सांगलीत आमच्या गल्लीत फोन एकाच घरात, तो अख्ख्या गल्लीचा पीपी नंबर, म्हणजे फोन ज्याचा असेल त्याला घरातून बोलावून आणायचं. तो वाजला की एकतर कुणीतरी गेलेलं असायचं नाहीतर कुणाचंतरी लग्न ठरलेलं. पोरगी कुठे उलथलीये हे शोधायला त्याचा काय उपयोग, पोरगी जिथे होती तिथे फोन होता कुठे. आईकडे एकच यंत्रणा, दारात उभं राहून हाक मारायची. हाक जाईल तिथवर आईचं राज्य, त्याच्यापुढे आमचं.

आणि हाकेच्या पलीकडे जायचं वाहन म्हणजे तासावरची सायकल. पन्नास पैसे तास. दुकानदार कळकट वहीत नाव आणि वेळ लिहायचा, डिपॉझिट वगैरे भानगड नाही, "कुणाची गं तू?" एवढंच विचारायचा, वडिलांचं नाव सांगितलं की सायकल ताब्यात. छोट्या सायकली दोनच आणि त्या कायम कुणीतरी आधीच पळवलेल्या, त्यामुळे मोठीच घ्यायची आणि नळीखालून पाय घालून हाफ पायडल मारत निघायचं. उजवी काख सीटवर, डावा हात हँडलला, सगळं अंग एका बाजूला लोंबतंय, पायडल पूर्ण फिरतच नाही, अर्धं दाबायचं की परत वर आणायचं, खटक खटक आवाज करत सायकल कशीबशी पुढे सरकतीये, आणि फ्रॉकचा घेर हटकून चेनमधे. ते काळं ऑइल मग रॉकेल चोळून काढायचं, तेही आईला वास येणार नाही अशा बेताने, जे अर्थातच कधीच जमलं नाही.

जायचं कुठे तर हरिपूरला. तीन-चार किलोमीटर असेल, रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी चिंचेची भलीमोठी झाडं, पुढे कृष्णा-वारणेचा संगम. चिंचा पाडायच्या, फ्रॉकच्या ओच्यात भरायच्या, ऊन कलायला लागलं की एकदम आठवायचं की सायकल तासाची आहे. घड्याळ कुणाच्याच हातात नाही. मग येणाऱ्याजाणाऱ्याला "काका, किती वाजले?" विचारत सुटायचं, आणि दुकानदाराने जास्तीचे पैसे मागितले की चार चिंचा पुढे करायच्या. तो चिंचा घ्यायचा आणि पैसेही उद्या आणायला सांगायचा.

पावसाळ्यात कृष्णेवरच्या आयर्विन पुलावर पुराचं पाणी बघायला जायचं हा दुसरा उद्योग. खांबावरचे फुटांचे आकडे वाचायचे आणि घरी येऊन आपणच बातमी फोडल्यासारखं जाहीर करायचं, पाणी अमुक फुटांवर आलं! की लगेच पाठीत धपाटा, कारण पुलावर गेल्याची कबुली त्यातच आली. आता 40 फुटांना इशारा, 45ला धोका, सगळं घरबसल्या मोबाइलवर येतं, भिजायला नको आणि धपाटाही नको.

आमच्या पलीकडच्या गल्लीतला एक मुलगा असाच सुट्टीत नदीवर गेला आणि परत आला नाही. आठदहा दिवस सगळ्या पोरांना घराबाहेर सोडलं नव्हतं, मग हळूहळू सगळं पूर्ववत. त्या मेसेजमधे तो कधीच नसतो, मेसेज लिहिणारे सगळे वाचलेले ना.

आणि मुलींचं स्वातंत्र्य सातवीपर्यंतच, तेही नसतं त्यात. एका सुट्टीत हरिपूर होतं, पुढच्या सुट्टीत "आता मोठी झालीस" होतं. सायकल बंद, दिवेलागणीच्या आत घरात. भाऊ माझ्याहून दोन वर्षांनी लहान, तो मात्र पाठीला सुका भोपळा बांधून खुशाल घाटावर पोहायला शिकत होता आणि ओल्या केसांनी घरी येऊन घाम आलाय म्हणून सांगत होता.

1995 साली देशात पहिला मोबाइल कॉल झाला तोवर आम्ही कॉलेजं आटपून नोकऱ्या शोधत होतो, म्हणजे थोडक्यात सुटलो. 2003पर्यंत तर इनकमिंगलाही पैसे पडायचे, त्यामुळे पुढची काही वर्षंही आई हात आखडता घेऊनच होती. एकदा इनकमिंग फुकट झालं आणि माऊलीने जे मनावर घेतलंय! पोचलीस का, जेवलीस का, गाडी कोण चालवतंय, पोरीला ताप आहे का, गॅस बंद केलास का. माझं वय पन्नाशीच्या पुढे, तिचं ऐंशीला टेकलेलं. हीच ती बाई जी मला अख्खी दुपार कुठे आहे याचा पत्ता नसताना शांतपणे कुरडया घालत बसायची.

दिवाळीत माझ्या लेकीने तिला लाइव्ह लोकेशन शिकवलं. म्हटलं झालं, आता संपलंच. परवा पुण्याहून सांगलीला निघाले तेव्हा लेकीनेच माझ्या फोनवरून आजीला लोकेशन पाठवून दिलं, मला न विचारता. साताऱ्याच्या पुढे जरा थांबले होते तर फोन, "अगं तो ठिपका हलत का नाहीये?"

म्हटलं चहा पितेय.

"कुणाबरोबर?"