निळं केळं

शुक्रवार, रात्र. ऑक्टोबर.

अकरावीची जर्नलं तपासायला घेतली की पहिली चार-पाच एकाच हातानं लिहिल्यासारखी निघतात. उद्देश, साहित्य, तत्त्व, कृती, निरीक्षण, अनुमान. शब्द तेच, क्रम तोच, खाडाखोड नावाला नाही. मागच्या वर्षीच्या पोरांची जर्नलं गावात फिरतात हे काय मला माहीत नाही? यंदा स्टार्चच्या प्रयोगातून बटाटा काढून केळं घेतलं, त्यामागे हेही एक कारण होतं. चोपडा तालुक्यात केळ्यासाठी कुणाला दुकानात जावं लागत नाही. तरी एका बहाद्दरानं साहित्यात केळं लिहून निरीक्षणात ‘बटाट्याची चकती निळी-काळी झाली’ असं ठोकून दिलंय. लाल पेनानं नुसता गोल केला. जास्त काही लिहायची इच्छाच झाली नाही.

प्रयोग तसा अगदी साधा. कच्चं, अर्धवट पिकलेलं आणि पूर्ण पिकलेलं केळं घ्यायचं, आडव्या चकत्या कापायच्या, ड्रॉपरनं आयोडीनचं द्रावण टाकायचं आणि थोडं थांबायचं. अमायलोज या स्टार्चच्या रेणूची साखळी स्प्रिंगसारखी गुंडाळलेली असते, आयोडीन तिच्या पोकळीत जाऊन बसतं, म्हणून गडद निळा रंग येतो. कच्च्या केळ्याच्या गरात वजनाच्या 20 टक्क्यांच्या आसपास स्टार्च असतो. पूर्ण पिकेपर्यंत तो 1-2 टक्क्यांवर येतो, बाकीच्याची साखर झालेली असते. म्हणजे हिरवं केळं निळं-काळं, पिवळं केळं जवळपास कोरं. अनुमानाचं वाक्य पोरांच्या ओठावर प्रयोगाआधीच तयार होतं, आणि बहुतेकांनी जर्नलात तेच उतरवलं. ट्रेमध्ये काय दिसलं याच्याशी त्यांना फारसं देणंघेणं नव्हतं.

दोन जर्नलं मात्र वेगळी निघाली.

पहिलं एका मुलीचं. तिचं केळं बाहेरून हिरवट होतं. चकती कापून आयोडीन टाकलं तर मधला भाग पांढुरकाच राहिला, सालीलगत तेवढं निळसर कडं उठलं. तिनं ते जसंच्या तसं लिहिलंय आणि पेन्सिलनं आकृतीही काढलीय, कडं ठिपक्यांनी दाखवून. शेवटी कंसात, बारीक अक्षरात: ‘केळे पत्र्याच्या खोलीत ठेवले होते.’ मला हे कंसातलं वाक्य अख्ख्या गठ्ठ्यात सगळ्यात जास्त आवडलं. कारण उकाड्यात आपल्याकडची केळी हिरवीच पिकतात. गरातला स्टार्च सुटत जातो, पण सालीतलं हरितद्रव्य त्या तापमानाला नीट मोडत नाही. ऑक्टोबरच्या उन्हात पत्र्याखाली काय होतं ते सांगायला नकोच. स्टार्च मधून बाहेरच्या बाजूला कमी होत जातो, हेही तिच्या त्या कड्यात दिसतंय. तिला यातलं काही माहीत नव्हतं. म्हणून तर दिसलं तसं लिहिलं. ते वाक्य कंसातून काढून निरीक्षणात घे, असं शेजारी लिहून दिलं.

दुसरं मागच्या बाकावरच्या पोराचं. त्याच्या बरोबर उलट. साल पिवळीधमक, एक डाग नाही, आणि आतली चकती जवळजवळ सगळी निळी-काळी. प्रयोग चालू असतानाच तो म्हणाला होता, “मॅडम, मना बाप सांगस, हाई पावडरनं केळं शे.” सगळा वर्ग हसला. बाप केळी लावणारा माणूस, हात लावून घड भरलाय की नाही ते सांगणारा. त्याचं म्हणणं मी तरी हसण्यावारी नेणार नाही. पण पोरानं अनुमानात सरळ लिहिलंय: ‘हे केळे कार्बाइडने पिकवलेले आहे.’

इथं मी बराच वेळ पेन हातात धरून बसले. त्या पावडरीला, म्हणजे कॅल्शियम कार्बाइडला, ओल लागली की ॲसिटिलीन वायू निघतो, सालीचा रंग लवकर पालटतो आणि आतलं पिकणं मागे राहू शकतं. त्यात आर्सेनिक, फॉस्फरसचे अंशही असू शकतात. फळं पिकवायला त्यावर कायद्यानं बंदी आहे. एथिलीन वायूला ठरावीक मर्यादेत परवानगी आहे, 100 पीपीएमपर्यंत, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत शंभर भाग. हे सगळं खरं. पण त्याच्या ट्रेमधल्या आयोडीननं यातलं काय सांगितलं? एवढंच, की गरात अजून भरपूर स्टार्च आहे. तो का राहिला हे आयोडीनला विचारून उपयोग नाही. घड कोवळाच उतरवला असेल, साल आधी रंगली असेल, पावडरही असेल. वडिलांचं म्हणणं खोडायचं नाही, पण ते अनुमानाखाली बसत नाही. शेवटी लिहिलं: ‘वडिलांचे मत चर्चेत घे. अनुमान फक्त स्टार्चबद्दल लिही. पावडरचे ठरवायला कोणता प्रयोग करशील?’

बोर्डाला 30 मार्कांचं प्रात्यक्षिक असतं, आणि परीक्षक पुस्तकातलं वाक्य शोधतात, असं एका पोरीनं मला आजच ऐकवलं. तिचं अगदीच चूक नाही. त्या दिवसापुरतं पुस्तकातलं वाक्य लिहा बाई, पण निरीक्षणाचा रकाना घरून भरून आणू नका.

मागच्या बाकावरच्याला दुपारी व्हरांड्यात गाठलं. प्रश्न आवडलेला दिसला. “सोमवारी एक घड आनस, मॅडम,” म्हणाला. घड नको म्हटलं, एकच फणी आण. वरच्या फण्या आधी भरतात, खालच्या मागाहून. वेगवेगळ्या फण्यांची केळी घेतली तर फरक ठेवण्याच्या जागेमुळे पडला की फणीमुळे, कळायचं नाही. काही केळी प्रयोगशाळेच्या कपाटात, काही पिकलेल्या केळ्यासोबत पिशवीत बांधून, काही पत्र्याच्या शेडमध्ये. तिन्ही ठिकाणी थर्मामीटर. रोज प्रत्येक ठिकाणचं एक कापायचं. पावडर शाळेत आणायची नाही, हे दोनदा बजावलं, कारण त्याच्या डोळ्यांत ती कल्पना आलेली मला दिसली होती.

कांदेबागेची, म्हणजे या हंगामातल्या केळीची, लागवड चालू आहे, तेव्हा सोमवारी वर्गात निम्मीच पोरं असतील. जी येतील ती उरलेली केळी मागतील. आयोडीनचा ट्रे आधीच उचलून ठेवायला हवा.