वॉर्डात एप्रन नकोच

आमच्या वॉर्डात जीएनएमच्या (नर्सिंगच्या डिप्लोमाच्या) मुली पोस्टिंगला येतात त्या युनिफॉर्मवर पूर्ण बाह्यांचा पांढरा एप्रन चढवून. मला हे अजिबात पटत नाही. परवा एकीने ड्रेसिंगचा ट्रे उचलला आणि तिची बाही थेट पेशंटच्या जखमेला घासली. तीच बाही मग पुढच्या खाटेवर! हात मनगटापर्यंत धुवायचे असतात. लांब बाही असली की पाणी बोटांपाशीच थांबतं. इंग्लंडच्या आरोग्य खात्याने २००७ मध्येच सांगितलं, पेशंटला हात लावताना कोपराखाली बाही, घड्याळ काही नको. लॅबमध्ये घाला की खुशाल. शिवाय एप्रन दिसला की नातेवाईक 'डॉक्टर, जरा बघा ना' म्हणत रिपोर्ट पुढे करतात आणि पोरी गांगरतात. थंडी वाजत असेल तर ड्युटी रूममध्ये स्वेटर घाला, पेशंटजवळ जाताना काढून ठेवा.