जिप्सीचे दिवे आणि भिंतीवरची रेघ

गेल्या जुलैतली गोष्ट. सकाळी नवाच्या सुमाराला १९९७ सालची एक जिप्सी गॅरेजच्या दारात येऊन थांबली. उतरलेल्या माणसाने चावी हातात द्यायच्या आधीच सांगितलं, "दादा, आज ही लाईट नीट झाल्याशिवाय मी गाडी नेत नाही."

हे गुरांचे डॉक्टर. पाटणच्या पुढे कोयनानगर, हेळवाकच्या वाड्यावस्त्यांवर त्यांचं काम चालतं. गाय-म्हैस अडली की वेळकाळ बघून अडत नाही, त्यामुळे त्यांचं निम्मं ड्रायव्हिंग रात्रीचं आणि पावसाळ्यात धुक्यातलं. आदल्या रात्री कुंभार्ली घाटात समोरून एसटी आली. ड्रायव्हरने गाडी आडवी लावली, खाली उतरला आणि म्हणाला, "साहेब, तुमच्या उजेडात मला कठडा दिसंना. मागं चाळीस माणसं बसलीत." बास, एवढंच. डॉक्टर सांगताना मान खाली घालून उभे होते. "त्याचं बरोबर होतं हो," म्हणाले. "आणि खरं सांगू, मलासुद्धा दिसत नव्हतं. समोर नुसती पांढरी भिंत."

बोनेट उघडलं. दोन्ही बाजूला मागे पंखा असलेले एलईडी बल्ब. आठ महिन्यांपूर्वी एका दुकानातून घेतलेले. मूळचा पिवळा उजेड मिणमिणता झाला म्हणून आधी त्यांनी कुणाकडून तरी रिलेचं किट बसवून घेतलं होतं. रिले म्हणजे छोट्या करंटवर मोठा करंट जोडणारा स्विच. ते बसवल्यावर लाईट लागेचना, म्हणून काढून टाकलं आणि त्याजागी एलईडी आले. ते किट अजून मागच्या सीटखाली पिशवीत पडलेलं होतं.

मी आधी एलईडी काढून साधे ६०/५५ वॉटचे एच-फोर हॅलोजन लावले, म्हणजे अप्परला (लांबचा उजेड) ६० आणि डिपरला (जवळचा, खाली झुकलेला) ५५. लोड असल्याशिवाय मीटर खरं बोलत नाही, आणि एलईडी करंट कमी ओढतो. इंजिन चालू, लाईट डिपरवर. बॅटरीवर १४.१ व्होल्ट. बल्बच्या होल्डरवर ११.४. म्हणजे जवळजवळ पावणेतीन व्होल्ट वाटेतच खर्ची पडत होते.

हे आकडे ऐकून गिऱ्हाईक सहसा म्हणतं, एवढ्याने काय होतंय. खूप होतं. हॅलोजनचा उजेड व्होल्टेजच्या प्रमाणात कमी होत नाही, त्याच्या कितीतरी वेगाने पडतो. दहा टक्के व्होल्टेज गेलं की उजेड तीस टक्क्यांच्या आसपास कमी होतो. एच-फोरच्या डिपरचा उजेड १३.२ व्होल्टवर साधारण १००० ल्युमेन (उजेडाचं माप) धरतात. ११.४ वर त्याचे ६०० राहतात. डॉक्टरांचा बल्ब कधीच खराब नव्हता, त्याला पोटभर करंट मिळत नव्हता.

मग गळती शोधायला बसलो. मीटरची एक पिन बॅटरीच्या प्लसला, दुसरी होल्डरच्या प्लसला: १.१ व्होल्ट. तसंच मायनसकडून: १.६. अर्थच्या, म्हणजे मायनसच्या, बाजूला जास्त. जिप्सीत ही मोठी खुबी आहे आणि इथेच आधीचा कारागीर फसला होता. पुष्कळ गाड्यांत स्विचमधून प्लस येतो आणि बल्ब जागेवरच अर्थ असतो. या गाडीत उलटं. प्लस फ्यूजमधून थेट बल्बपाशी येऊन बसलेला, आणि स्विच अर्थ जोडतो-तोडतो. म्हणजे दोन्ही बल्बांचा नऊ-साडेनऊ अँपिअर करंट परतताना स्टिअरिंगजवळच्या त्या छोट्या स्विचमधून जातो.

स्टिअरिंगखालचं कव्हर खोललं आणि कनेक्टर हातात आला तेव्हा डॉक्टरांना जवळ बोलावून दाखवला. पांढरं प्लास्टिक कडेने करपलेल्या भाकरीसारखं झालेलं. आतली पितळी पिन काळी पडून सैल झालेली, नखाने हलत होती. तिथून वायर दीड इंच सोलत गेलो तरी तांबं चमकेना, काळंच निघत राहिलं. डाव्या डूममागे (डूम म्हणजे काच आणि रिफ्लेक्टरसह दिव्याचा अख्खा गोळा) अर्थच्या वायरीच्या टोकाचा धातूचा थिंबल होता, त्यावर हिरवी बुरशी चढलेली. डॉक्टर म्हणाले, "ही तर जखम आहे." मला तो शब्द पटला. या जागी १००/९० चे बल्ब कोंबणारे लोक मी पाहिलेत. त्याच वायरीतून दीडपटीहून जास्त करंट न्यायचा. मग उजेड थोडा वाढतो आणि महिन्याभरात होल्डर वितळतो. एका गाडीचं अख्खं कॉम्बिनेशन स्विच माझ्या हातात गोळा होऊन आलं होतं. गाडी घाटात असताना दोन्ही दिवे एकदम गेले तर काय होईल, याचा विचार मला आजही अस्वस्थ करतो.

पिशवीतलं किट काढलं. किट चांगलं होतं. फक्त त्यातल्या रिलेची ८५ नंबरची पिन बॉडीला अर्थ धरून केलेली होती. या गाडीत ८६ वर स्विचमधून येतो तोही अर्थच. कॉइलच्या दोन्ही टोकांना अर्थ, मग रिले ओढणार कसा? ८५ ची वायर बॉडीवरून सोडवली आणि जुन्या होल्डरच्या कॉमन प्लसला जोडली. बॅटरीपासून नवीन चार एमएमची वायर, बॅटरीच्या प्लसपासून वीतभर अंतरावर फ्यूज, अप्परला एक रिले, डिपरला एक. अर्थसुद्धा नवी, थेट बॅटरीच्या मायनसला. प्रत्येक थिंबल दाबून वर सोल्डरचा डाग दिला, कारण घाटातल्या पावसात नुसतं दाबलेलं टिकत नाही. आता जुन्या स्विचवर फक्त रिलेच्या कॉइलचा करंट, अर्धा अँपिअरसुद्धा नाही. दुपारी तीनला पुन्हा मीटर लावलं. होल्डरवर १३.८. तोच ६०/५५ चा बल्ब, आणि उजेड जवळपास दुप्पट.

काम संपलं असं डॉक्टरांना वाटलं. मला वाटत नव्हतं. एसटीवाल्याचं बोलणं डोक्यात होतं.

एच-फोर बल्ब हातात घेऊन बघा. डिपरच्या फिलामेंटखाली पत्र्याची इवलीशी वाटी असते. ती खाली जाणारा उजेड अडवते, म्हणून रिफ्लेक्टरच्या वरच्या अर्ध्यावरूनच उजेड परततो आणि रस्त्याकडे झुकतो. वर स्वच्छ कापल्यासारखी रेघ पडते ती या वाटीमुळे. ज्या डूमची मापं फिलामेंटची जागा धरून काढलीत, त्यात एलईडीच्या चिप थोड्या जरी इकडेतिकडे बसल्या की ती रेघ फुटते आणि उजेड वर सांडतो. धुक्यात तोच वर सांडलेला उजेड थेंबांवरून आपल्याच डोळ्यांत परत येतो. पिवळा रंग धुकं कापतो असं सगळे म्हणतात. माझ्या मते रंगापेक्षा ही रेघ महत्त्वाची.

संध्याकाळी पाऊस उघडला तेव्हा शेजारच्या गोदामाच्या भिंतीसमोर बरोबर दहा मीटरवर गाडी लावली. टेपने दिव्याच्या मध्याची उंची जमिनीपासून मोजली, भिंतीवर तेवढ्या उंचीला खडूने एक रेघ आणि तिच्या दहा सेंटिमीटर खाली दुसरी. डिपरची वरची कड खालच्या रेघेवर यायला हवी. अंधार पडू दिला आणि एकेक दिवा झाकून बघितला.

उजवा बरोबर. मधोमध सरळ कड आणि डावीकडे थोडी चढ. आपण डावीकडून चालवतो, म्हणून ही चढ डाव्या कडेची साईडपट्टी, माणसं, गुरं दाखवते. डाव्या दिव्याचा कपडा काढला आणि मी गप्पच झालो. त्याची चढ उजवीकडे होती. म्हणजे समोरून येणाऱ्या ड्रायव्हरच्या थेट तोंडावर.

"हा डूम कुठला, डॉक्टरसाहेब?"

दोन वर्षांपूर्वी दगड लागून काच फुटली, तेव्हा कुणीतरी जुन्या बाजारातून इम्पोर्टेड म्हणून बसवला होता. उजवीकडून गाड्या चालतात त्या देशाचा. गोल सात इंची, मापाला चपखल बसलेला. एलईडी असेपर्यंत भिंतीवर नुसता पांढरा धुरळा दिसला असता, हे कळलंच नसतं. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १०६ वा नियम सांगतो, की दिव्यापासून आठ मीटरवर, अर्धा मीटर उजवीकडे, दीड मीटर उंचीवर डोळे असलेला माणूस दिपता कामा नये. तो माणूस म्हणजे समोरचा ड्रायव्हर. मी स्वतः त्या जागी गुडघे वाकवून उभा राहिलो. डोळे मिटावे लागले.

पोराला पिटाळलं, दुकान बंद होता होता दोन नवे डूम मिळाले. जोडी बदलली, कारण उजव्याची चांदीही कडेने उडालेली होती. पुन्हा भिंत, पुन्हा खडू. स्क्रू फिरवून कड रेघेवर आणली तेव्हा डॉक्टर म्हणाले, "मागे नायट्रोजनचा जार आणि औषधांच्या दोन पेट्या असतात नेहमी." तो जार आणि पेट्या त्यांनी सकाळी माझ्याच टेबलाखाली उतरवल्या होत्या. परत चढवल्या. मागचे पाटे दबले, नाक उचललं, आणि भिंतीवरची कड खालच्या रेघेवरून वरच्या रेघेपर्यंत गेली. सगळं सामान भरून, डॉक्टरांना सीटवर बसवून तिसऱ्यांदा सेट केलं. पावणेनऊ वाजले. सगळं मिळून बिल त्यांच्या एलईडीच्या जोडीपेक्षा कमीच झालं.

साडेअकराला फोन आला. मागे पावसाचा आवाज.

"दादा, हेळवाकच्या पुढं आलोय. धुकं आहे, पण डावी कड दिसतेय. आत्तापर्यंत दोन ट्रक आणि एक एसटी गेली, कुणीही डिपर मारला नाही."

मी विचारलं, इतक्या रात्री घाटात कशाला?

"म्हैस अडलीय. मागचे पाय आधी आलेत. ठेवतो."