दीड मैल

"दीड मैल? म्हणजे हाकेच्या अंतरावर की!"

आई सहज बोलून गेली आणि सकाळपासून तेच डोक्यात घोळतंय.

वुल्सथॉर्पला गेलो होतो, ग्रँथमजवळ. न्यूटनचं घर. ते झाड घरासमोरच आहे, भोवती बुटकं विणलेलं कुंपण. 1820 च्या सुमारास वादळात आडवं झालं, पण मुळं सुटली नाहीत, तिथूनच पुन्हा फुटलं. गवतात पडलेली सफरचंदं गांधीलमाश्यांनी आतून पोखरलेली, सालीच्या नुसत्या वाट्या उरलेल्या. जात 'फ्लॉवर ऑफ केंट', शिजवून खायची. "साखरांबा होईल का गं?" हा आईचा पहिला प्रश्न.

पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेतही या झाडाची कलमं लावली होती, फळंही धरली, पण पुढे जगली नाहीत, हे मी सांगितलं. "हवा मानवली नसेल, दुसरं काय."

तोवर सगळं ठीक होतं. मग तिथल्या बाई न्यूटनच्या आईबद्दल, हॅनाबद्दल सांगायला लागल्या. पोराच्या जन्माआधीच बाप गेलेला. पोर तीन वर्षांचं झालं तेव्हा तिनं दुसरं लग्न केलं आणि त्याला आजीपाशी ठेवून नवऱ्याच्या गावी गेली. किती लांब, ते आईनंच मला विचारायला लावलं.

हाकेच्या अंतरावर! मिरज ते मुंबई किती हाका होतात? महालक्ष्मी एक्सप्रेस रात्रभर धावायची तेवढ्यासाठी. आई सकाळी उतरायची, रविवारी परत. फलाटावर आजी माझं तोंड मुद्दाम चहाच्या स्टॉलकडे वळवायची... जाऊ दे. पण आईला हे बोलताना काहीच कसं आठवलं नाही? की आठवलं, म्हणूनच दीड मैल तिला कमी वाटला?

हॅना 1653 मध्ये परतली, दुसरा नवरा वारल्यावर, तीन पोरं घेऊन. आमच्याकडे एकच आलं, कडेवर बसून. "बघ कोण आलंय!" मला बघायचं नव्हतं. मुंबईला तर अजिबात जायचं नव्हतं. मला मिरजेची हवा मानवली होती, हीच खरी पंचाईत. हे आईला कोणत्या तोंडानं सांगायचं?

न्यूटननं एकोणिसाव्या वर्षी आपल्या पापांची यादी लिहिली. आई आणि सावत्र बाप यांना घरासकट जाळायची धमकी दिली, हे त्यात आहे. चर्चमध्ये सफरचंद खाल्लं, आईवर चिडचिड केली, बहिणीला बुक्की मारली, हेही आहे. सगळी पापं एकाच मापाची! त्या मानानं मी फारच गरीब. परतताना आईला एसी सोसत नाही, हे माहीत असून लावला आणि तिनं शाल ओढून घेतल्यावर दोन मिनिटांत बंदही केला.

आत्ताच विचारून गेली, तसली आंबट सफरचंदं इथल्या दुकानात मिळतात का. ब्रॅम्ली मिळतात म्हटलं. उद्या दोन किलो आणायची आहेत. साखरांबा ती करणार, बरण्या मी घासायच्या, आणि लवंग किती घालायची यावरून भांडण ठरलेलं. आजी दोनच घालायची.