बंबांचे फोटो

लोक पक्ष्यांचे फोटो काढतात, मी फायर ब्रिगेडच्या गाड्यांचे काढतो, घरचे हसतात, हसू देत. अग्निशमन सप्ताह चालू आहे ना, १४ एप्रिल १९४४ ला मुंबई गोदीत जहाजाचा स्फोट झाला आणि आग विझवायला गेलेले कितीतरी जवान गेले, त्यांच्या आठवणीत असतो हा, म्हणून आज सांगलीत साहेबांना विचारून स्टेशनात शिरलो. एका काकांनी शटर वर करून पंपच दाखवला, गाडीच्याच इंजिनवर चालतो, म्हणजे गाडी उभी असली तरी इंजिन बंद करायचं नाही, आणि शेजारी ६३ एमएमचे होज, म्हणजे पाण्याचे पाइप, गोल गुंडाळून ठेवलेले, ते जोडायचं कपलिंग घासून घासून नुसतं चकाचक!! लाल रंग उन्हात असला चमकतो की फोटोत सगळं पांढरंच येतंय, मग सावलीच्या बाजूनं काढले.

कोपऱ्यात रबरी बोट पण होती. आग विझवणाऱ्यांकडं बोट कशाला असं बाहेरचा विचारंल, सांगलीकर नाही विचारणार, २०१९ चा पूर बघितलाय आपण.

तेवढ्यात कॉल आला, कुठंतरी उसाचं पाचट पेटलेलं, काका चहा तसाच ठेवून गाडीत. निघतानाचा फोटो हललाय जरा पण तोच टाकतोय, बाकीचे अल्बममध्ये बघा.